अट उठेपर्यंत

शुशानला मिळालेलं ग्रीन कार्ड दोन वर्षांचं होतं, अटीचं. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवऱ्याच्या जोरावर अमेरिकेत पाऊल टाकलं की असंच कार्ड हातात पडतं. मुदत संपत आली की नवराबायकोनं मिळून अर्ज करायचा, दोघांनी सह्या करायच्या, एका छपराखाली राहतो याचे कागद जोडायचे. सरकारची खात्री पटली की अट उठते आणि दहा वर्षांचं कार्ड येतं. कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडेलच्या बेकरीत रांगेत उभ्या असलेल्या कुठल्याही आर्मेनियन बाईला विचारा, ती हे झोपेतसुद्धा सांगेल. खात्री पटायला किती दिवस लागतात ते मात्र कोणी सांगू शकत नाही.

सेरोबनं त्या अर्जावर सही केली त्या दिवशी तो पूर्ण शुद्धीत होता. ही गोष्ट शुशाननं पुढे स्वतःला शंभरदा सांगितली. त्यानं चष्मा लावला, अर्जाची सगळी पानं उलटून पाहिली आणि सिल्वाला, म्हणजे पहिल्या बायकोपासूनच्या आपल्या मुलीला, विचारलं, "यात 'बायको घोरते का' हा प्रश्न कुठे दिसत नाही तो?"

"पप्पा, सही करा."

"करतो. पण त्यांना कळायला हवं ना. खोटं लग्न करून माणूस असलं घोरणं कशाला सहन करेल? यापेक्षा मोठा पुरावा कुठला?"

शुशान हसली. सिल्वानं पेनाचं टोपण काढून पेन बापाच्या हातात दिलं.

सेरोब आणि शुशान दोघंही आर्मेनियातल्या ग्युमरीचे. तो बूट बनवणारा. तिथे मोठा भूकंप झाला त्याच्या पुढच्या वर्षी बायको आरुस आणि दहा वर्षांच्या सिल्वाला घेऊन तो निघाला, फिरत फिरत कॅलिफोर्नियात पोचला, आणि पंचवीस वर्षं लोकांच्या टाचा ठोकत त्यानं ग्लेंडेलमध्ये दोन खोल्यांचा फ्लॅट केला. आरुस गेली. पाच वर्षं एकटा राहिला. सत्तरीला आल्यावर गावाकडे चुलतभावाच्या घरी महिनाभर गेला, आणि तिथे त्याला शुशान भेटली. ती बालवाडीत स्वयंपाक करायची. तिचा पहिला नवरा कामासाठी रशियाला गेला होता आणि तिकडेच दुसरा संसार मांडून बसला होता. मूलबाळ नव्हतं. वकिलातीत साहेबानं सेरोबला विचारलं, "हिच्याशीच का लग्न केलंत?" तर हा म्हणाला, "माझ्याकडे बायकांच्या मापाचा एकच साचा उरला होता, सदतीस नंबरचा. हिचा पाय त्यात बसला." साहेब हसला आणि शिक्का मारला.

शुशानला अमेरिका हवी होती का? हवी होती. सेरोब हवा होता का? तोही हवा होता. दोन्ही गोष्टी एकाच माणसाबरोबर आल्या तर बाईनं त्या वेगवेगळ्या करून का दाखवाव्यात, हे तिला कधी कळलं नाही.

सिल्वा विमानतळावर फुलं घेऊन आली होती. "शुशान जान, तुम्ही दमला असाल," म्हणाली. सिल्वा एका दातांच्या डॉक्टरकडे दर्शनी टेबलाशी नावं लिहून घ्यायला बसायची, तिला नवरा होता, दोन मुलं होती, आणि ती दर शनिवारी बापाकडे यायची. तिसऱ्या शनिवारी ती स्वयंपाकघरात शुशानच्या शेजारी उभी राहून भांडी पुसता पुसता म्हणाली, "तुम्ही माझ्या वडलांना सुखात ठेवा, मी तुमचे कागद सांभाळते. मला यातलं सगळं कळतं. फक्त मला मूर्ख समजू नका."

कागद खरंच तिनं सांभाळले. अर्ज तिनं भरला, फोटो तिनं निवडले, पोच आली तीही तिच्याच पत्त्यावर. पोचेबरोबर पत्र होतं, जुन्या कार्डाची मुदत अठरा महिने वाढवली आहे. पुढे अठराचे चोवीस झाले, मग एकदम अठ्ठेचाळीस. मुदत संपलेलं कार्ड आणि घडीवर फाटत चाललेलं पत्र, असं शुशानचं अमेरिकेतलं अस्तित्व एका प्लास्टिकच्या पाकिटात होतं.

अर्ज गेला त्या हिवाळ्यात सेरोब पाव आणायला म्हणून गेला आणि तीन तासांनी परत आला. हातात पाव नव्हता, आणि डोक्यावर दुसऱ्याच कोणाची तरी टोपी होती. "ही माझीच," तो म्हणाला, आणि शुशाननं ती काढून घ्यायला हात पुढे केला तेव्हा त्यानं पहिल्यांदा तिचा हात झटकला. पुढे गॅस चालू राहायला लागला. मग तो संध्याकाळी दुकानाला कुलूप लावायचं राहिलं म्हणून बाहेर पडायला लागला. दुकान विकून सात वर्षं झाली होती.

सिल्वा त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. डोक्याचे फोटो काढले, प्रश्न विचारले, आजाराचं नाव लिहून दिलं. परत आल्यावर तिनं फाईल स्वतःच्या पिशवीत घातली.

"ही माझ्याकडे राहील," ती म्हणाली. "आणि बाहेर बोलायचं नाही. त्या लोकांना कळलं ना की याचं डोकं ठिकाणावर नाही, तर म्हणतील, मग सही कोणी करून घेतली? संपलं तुझं."

"पण सही केली तेव्हा तो बरा होता. तुझ्यासमोरच केली."

"मला माहीत आहे. त्यांना कोण सांगणार?"

शुशाननं मान हलवली. सिल्वा तिला तुम्हीवरून तूवर आली होती, तेही तिच्या लक्षात आलं. तिनं ते गिळलं.

मग वर्षं गेली. शुशान त्याला उठवायची, धुवायची, भरवायची, रात्री तीनदा उठून ओली चादर बदलायची. दर शनिवारी सिल्वा येऊन फोनवर केस बघायची आणि म्हणायची, "आहे तिथेच आहे." एकदा शुशान म्हणाली, एक दिवस तू बस याच्याजवळ, मला दाताला जायचंय, तीन आठवडे दुखतोय. सिल्वा म्हणाली, "बायको आहेस ना? मग बायकोचंच काम आहे हे." दात तिनं शेवटी शेजारच्या मार्गोला दोन तास बसवून काढून घेतला. आणि त्याच शनिवारी शुशाननं स्वयंपाकघरातलं कपाट भिंतीच्या दुसऱ्या बाजूला सरकवलेलं पाहून सिल्वा म्हणाली, "परत ठेव. घर माझ्या आईचं आहे."

दुसऱ्या वर्षी मुलाखतीचं बोलावणं आलं. गुरुवार, सकाळी साडेनऊ. आणि त्याच्या आदल्या शुक्रवारी ग्युमरीहून भावाचा फोन आला, की आई शेवटच्या घटका मोजतेय, येतेस तर लगेच ये.

"जा ना," सिल्वा म्हणाली. "मी कोण अडवणार? फक्त गुरुवारी तो त्या खोलीत एकटा बसेल, आणि साहेब विचारेल बायको कुठाय, तर हा सांगेल, गावाला पळाली."

"तारीख पुढे ढकलता येत नाही?"

"येते. मग पुढची तारीख कधी मिळेल ते मला विचारू नकोस. तोपर्यंत याला स्वतःचं नाव आठवेल की नाही, तेही विचारू नकोस."

शुशान राहिली. आई मंगळवारी गेली. बुधवारी संध्याकाळी सिल्वानं फोन करून सांगितलं की कचेरीनं मुलाखत रद्द केली आहे, कारण दिलेलं नाही, नवीन तारीख यथावकाश कळवतील. गुरुवारी भावानं थडग्याजवळ उभं राहून फोन धरला. पेटी खाली सोडताना चित्र अडकलं, आणि सुरू झालं तेव्हा लोक हात झटकत परत निघाले होते.

सेरोब शेजारी बसून होता. "कोण गेलं?" त्यानं विचारलं.

"माझी आई."

त्याचे डोळे भरून आले. त्यानं तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं आणि म्हणाला, "देव तिच्या आत्म्याला उजेड देवो." मग दहा मिनिटांनी विचारलं, "कोण गेलं?" शुशाननं चारदा सांगितलं, आणि चारही वेळा तो तितकाच रडला. पाचव्यांदा ती म्हणाली, "कोणी नाही. टीव्ही बघ."

त्यानंतर आणखी दीड वर्ष काहीच आलं नाही. त्या दीड वर्षात सेरोब एकेक गोष्ट टाकत गेला. आधी लग्नाचं साल गेलं. मग ज्या हॉटेलात त्यानं चाळीस माणसांसमोर नाचताना खुर्ची मोडली होती ते हॉटेल गेलं. मग शुशान गेली. एके सकाळी त्यानं हाक मारली, "आरुस, कॉफी," आणि शुशान कॉफी घेऊन गेली. त्यात तिला काही वाटलं नाही. नाव कुठलं का असेना, कॉफी तिनंच करायची होती.

पण ते सिल्वानं ऐकलं. शनिवारी दारातून आत येताना तिनं बापाची हाक ऐकली आणि आतून शुशाननं दिलेली ओ पण ऐकली. हातातल्या पिशव्या तिनं जमिनीवर ठेवल्या.

"माझ्या आईच्या नावाला ओ देऊ नकोस," ती हळू आवाजात म्हणाली.

"नाही दिली तर तो जेवत नाही."

"मग नको जेवू दे."

ती होती तोवर शुशान गप्प राहिली. सेरोब आरुसला हाका मारत खोल्याखोल्यांतून फिरला, पलंगाखाली वाकून बघून आला, आणि शेवटी दाराशी उभा राहून लहान मुलासारखा मुसमुसायला लागला. सिल्वानं ते पाच मिनिटं पाहिलं, पिशव्या तिथेच ठेवल्या आणि निघून गेली.

दुसरं बोलावणं आलं तेव्हा हातात पाच आठवडे होते. "शिकव त्याला," सिल्वा म्हणाली. "पाचच गोष्टी. तुझं नाव. बायको आहे हे. लग्न कुठे झालं. कधी झालं. घरात कोण कोण राहतं. बाकी मी बघते."

शुशाननं शिकवायला घेतलं. पहिल्या आठवड्यात प्रेमानं. ती त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसायची, त्याचे हात हातात घ्यायची. "मी कोण? शुशान. म्हण, शुशान." तो म्हणायचा. अर्ध्या तासानं विचारलं तर आरुस.

दुसऱ्या आठवड्यात तिनं कॉफी बंद केली. सकाळी ती त्याच्यासमोर तांब्याच्या भांड्यात कॉफी करायची, फेस वर आला की वास साऱ्या घरात पसरायचा, आणि ती कप स्वतःच्या हातात धरून विचारायची, "मी कोण?" नाव आलं तर कप मिळायचा. नाही आलं तर ती त्याच्यासमोर मोरीत ओतून द्यायची. सेरोबला चूक काय झाली ते कळायचं नाही, पण कॉफी गेली हे कळायचं. तो ओठ चाटत बसून राहायचा. चौथ्या आठवड्यापर्यंत पाचातली तीन उत्तरं येऊ लागली. शुशानला त्याचा आनंद झाला, आणि आपल्याला आनंद होतोय याची लाज वाटायलाही तिला वेळ नव्हता.

मुलाखतीच्या तीन दिवस आधी तो पुन्हा सगळं विसरला. ती सकाळी सातपासून त्याच्यामागे लागली होती. दुपारी एकला तिनं विचारलं, "मी कोण?" त्यानं तिच्याकडे अगदी नम्रपणे पाहिलं आणि म्हणाला, "बाई, तुम्ही दमलात. घरी जा ना आता. तुमची माणसं वाट बघत असतील."

तिनं त्याच्या तोंडात मारली. चष्मा उडून पलंगाखाली गेला. सेरोबनं गालावर हात ठेवला, पण तो रडला नाही. शुशाननं खाली वाकून चष्मा काढला, पदराच्या टोकासारखं एप्रनचं टोक धरून पुसला, आणि त्याच्या नाकावर परत चढवला. "मी कोण?" ती म्हणाली.

"शुशान," तो म्हणाला.

कचेरीत सिल्वा दुभाषी म्हणून आत आली. साहेब तरुण होता, बोलायला मऊ. त्यानं आधी सिल्वाकडून शपथ घेतली, की बोललं जाईल ते जसंच्या तसं सांगेन, पदरचं काही घालणार नाही, काही गाळणार नाही. सेरोबनं राखाडी सूट घातला होता, शुशाननं त्याची दाढी अशी घोटून केली होती की गाल चमकत होते. जन्मतारीख त्यानं बरोबर सांगितली. पत्ता बरोबर सांगितला, फ्लॅटच्या नंबरासकट. शुशाननं मांडीवरच्या हाताची मूठ सोडली.

"आणि या कोण?" साहेबानं तिच्याकडे बोट केलं.

सेरोब वळला. त्यानं तिला नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत. "ही आमच्याकडे कामाला येते," तो म्हणाला.

सिल्वानं ते इंग्रजीत सांगितलं.

"बाई कामसू आहे," सेरोब पुढे म्हणाला, "पण हिचा हात लागतो वस्तूंना. माझी चामड्याची कात्री गेली. बायकोच्या बांगड्या गेल्या."

सिल्वानं तेही सांगितलं.

"तुमची बायको कुठे आहे, सर?"

"आरुस? खाली गाडीत बसलीय. तिला जिने चढवत नाहीत." इथे सिल्वाचा आवाज क्षणभर घसरला, पण वाक्य तिनं पूर्ण केलं. सेरोब साहेबाकडे झुकला आणि दबल्या आवाजात, पुरुषानं पुरुषाला सांगावं तसं म्हणाला, "आणि ही मारते."

सिल्वानं शुशानकडे पाहिलं. मग साहेबाकडे वळून तिनं ते दोन शब्दांत सांगितलं. साहेबाची बोटं थांबली.

"तुम्हाला काही सांगायचंय?" त्यानं शुशानला विचारलं.

शुशान सिल्वाकडे वळली. "तू सांग ना. तुला सगळं माहीत आहे. फाईल आहे तुझ्याकडे."

"मी शपथ घेतलीय," सिल्वा आर्मेनियनमध्ये म्हणाली. "मला मधे बोलता येत नाही. तुला काय सांगायचं ते त्यांना सांग, मी भाषांतर करते."

शुशाननं तोंड उघडलं. आजाराचं नाव तिच्या जिभेवर आलं होतं. पण अडीच वर्षं ज्या एका गोष्टीचा शब्द बाहेर काढायचा नाही म्हणून ती जपली होती, ती त्या खोलीत, त्या टेबलासमोर कशी बाहेर काढायची ते तिला समजेना. काढली तर सही बुडेल. नाही काढली तर सगळंच बुडेल. सेरोब तिच्याकडे बघून ओळखीचं हसला.

"तो दमलाय," ती म्हणाली.

"त्या म्हणतात, ते दमले आहेत," सिल्वानं सांगितलं.

"यांना काही आजार आहे का?" साहेबानं थेट विचारलं.

सिल्वा खिडकीबाहेर बघत होती. "वय झालंय," शुशान म्हणाली.

साहेब मूर्ख नव्हता. त्यानं बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, यांच्या प्रकृतीचे कागद लागतील, पत्र येईल, बारा आठवड्यांच्या आत पाठवा, नाहीतर आहे त्यावर निर्णय होईल.

परत येताना गाडीत सेरोब खूश होता. "माणूस सभ्य होता," तो म्हणाला. "बूट मात्र पुठ्ठ्याचे. तळ एका पावसात निघेल." मग त्यानं विचारलं, "आपलं काम झालं का?"

पत्र आलं. सिल्वानं ते वाचून दाखवलं आणि पिशवीत ठेवलं. एक आठवडा गेला, चार गेले, सात गेले. शुशान स्वतः डॉक्टरकडे गेली. तिथल्या मुलीनं पडद्यावर बघून सांगितलं, की कागद द्यायचा अधिकार मुलीच्या नावे आहे, तुम्ही त्यांना घेऊन या. त्या शनिवारी शुशाननं सिल्वाचे हात धरले.

"मी जायला हवं असेल तुला, तर सरळ सांग. त्यांच्या हातून का हाकलतेस?"

सिल्वानं हात सोडवून घेतले नाहीत. ती खुर्चीवर बसली आणि सरळ बोलली. "तुला अजून कळलं नाही. मला तू इथेच हवी आहेस. कार्ड आलं की तू दुसऱ्या दिवशी निघशील. केस लटकली होती तेव्हा छान चाललं होतं. तू कुठे जात नव्हतीस, हा स्वच्छ होता, जेवत होता, मी माझी मुलं सांभाळत होते. मी देवाला म्हणायचे, अजून एक वर्ष लटकू दे."

"मी कुठे जाणार होते? माझा नवरा आहे तो."

"असेल." सिल्वानं पिशवीतून एक कागद काढला. "नाकारलं तर तुला कोर्टात उभं करतील, आणि मग याला कोण धुणार? मी? म्हणून फाईल देते. दोन गोष्टी करायच्या. यावर सही कर, की या घरावर तुझा काही हक्क नाही. आणि शपथ घे, की हा जाईपर्यंत सोडणार नाहीस."

शुशाननं सही केली. मग देवाची शपथ घेऊ लागली तर सिल्वानं तिला थांबवलं. "देवाची नको. बहिणीची घे."

शुशानची बहीण नाझिक भूकंपात शाळेखाली गेली होती, अकरा वर्षांची. ते शुशाननं सिल्वाला पहिल्या वर्षी सांगितलं होतं, दोघी मिळून द्राक्षाच्या पानांत खिमा भरत होत्या तेव्हा. तिनं नाझिकचं नाव घेऊन शपथ घेतली. सोमवारी कागद गेले.

सात महिन्यांनी, एका मंगळवारी, टपालाच्या पेटीत कार्ड आलं. दहा वर्षांचं. या वेळी सरकारनं पाकीट सिल्वाकडे न पाठवता घरच्या पत्त्यावर पाठवलं होतं. शुशाननं ते जिन्यात उभं राहून उघडलं, स्वतःचा फोटो पाहिला, आणि वर जाऊन सेरोबची लुंगीसारखी गुंडाळलेली ओली चादर बदलली.

नऊ दिवस तिनं कोणालाही सांगितलं नाही. त्या नऊ दिवसांत चर्चमधल्या एका ओळखीच्या बाईनं तिला अर्ध्या तासाच्या अंतरावर, व्हॅन नायसमध्ये काम बघून दिलं. अंथरुणाला खिळलेली म्हातारी, राहायला खोली, रविवार मोकळा. तेच काम, पण रात्री झोप मिळणार होती. दहाव्या दिवशी दुपारी तिनं सिल्वाला तिच्या टेबलावर फोन केला.

"पाचला ये. मी पाचला निघणार."

"कुठे निघणार?"

"कार्ड आलंय."

फोनवर मागून दातांच्या यंत्राचा आवाज येत होता. "शपथ घेतली होतीस," सिल्वा म्हणाली. "बहिणीची."

"ती मेलीय, सिल्वा. आता तिला कोणी काही करू शकत नाही."

"म्हणजे मी पहिल्या दिवसापासून म्हणत होते तेच खरं. कार्डासाठीच आली होतीस तू."

शुशाननं नाही म्हणायला तोंड उघडलं. चार वर्षांपूर्वी हे वाक्य ऐकून ती रात्रभर रडली असती. आता तिनं शोधून पाहिलं, आणि नाही म्हणण्यासारखं तिला आत काही सापडलं नाही. "पाचला," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तिनं सेरोबला जेवू घातलं, कोरडं केलं, गॅसची बटणं काढून खिडकीत ठेवली आणि त्याला टीव्हीसमोर बसवलं. पाच वाजले. सव्वापाच झाले. तिनं कोट घातला.

"कुठे निघालीस?" सेरोबनं विचारलं. त्या दिवशी तो शांत होता, चेहरा मोकळा होता.

"बेकरीत."

"गोड पाव आण. तिळाचा नको."

"आणते."

तिनं बाहेरून कुलूप लावलं आणि किल्ली शेजारच्या मार्गोकडे दिली. मार्गोनं तिच्या हातातली बॅग पाहिली. "तो आत एकटाय?"

"मुलगी येतेय."

"येईपर्यंत थांब की."

"थांबले होते," शुशान म्हणाली, "चार वर्षं," आणि जिना उतरून गेली.

सिल्वा हमरस्त्यावर अडकली आणि आठला दहा कमी असताना पोचली. हे शुशानला व्हॅन नायसमध्ये फोनवरच्या निरोपांतून कळलं. पहिल्या निरोपात सिल्वा ओरडत होती. तो दाराशी बसून होता, दार ठोकून ठोकून हाताची सालटी निघालीत, अंगाखाली सगळं घाण झालंय, तुला देव बघून घेईल. दुसऱ्यात शिव्याच होत्या. तिसऱ्यात कोणी बोललं नाही, मागे नुसता सेरोबचा आवाज येत होता, आरुस, आरुस.

चौथा निरोप तीन दिवसांनी आला. सिल्वाचा आवाज बसला होता. "गोळ्या कशा द्यायच्या? तो थुंकतो. पाण्यातून दिल्या, थुंकल्या. दह्यातून दिल्या, थुंकल्या. तीन दिवस एक गोळी पोटात गेलेली नाही. तू कशा द्यायचीस, तेवढं सांग. दुसरं काही मागत नाही."

शुशान म्हाताऱ्या बाईच्या स्वयंपाकघरात उभी होती. तिनं निरोप पुन्हा एकदा ऐकला. गोळी कुटून जर्दाळूच्या मुरंब्यात कालवायची, चमचा डाव्या बाजूनं न्यायचा, कारण उजवीकडून आलेला त्याला मार वाटतो, आणि म्हणायचं, आरुसनं पाठवलंय. बस. तिनं फोनवर लिहायला घेतलं. 'मुरंब्यात' एवढं लिहिलं. मग ते पुसलं, फोन खिशात टाकला आणि म्हातारीचं दूध गरम करायला ठेवलं.

सिल्वानं आणखी दोन शनिवार विचारलं. मग निरोप थांबले. उन्हाळ्यात शुशानला मार्गो चर्चच्या अंगणात भेटली. तिनं सांगितलं की सेरोबला एका वृद्धाश्रमात ठेवलंय, पलंगाला कठडे लावलेत, माणसं ओळखत नाही, सिल्वा महिन्यातून एकदा जाते. गोळ्यांचा त्रास आता संपला, तिथे सरळ सुई टोचतात.

"कुठल्या दंडात? उजव्या की डाव्या?" शुशाननं विचारलं.

मार्गोला ते माहीत नव्हतं.